झाड कुणाच्या नावावर?

राब भाजण्याची रीत आपण ऐकलेली असते ती ठाणे-रायगडकडची. तिथल्या डोंगरउतारावर, दळीच्या जमिनीत, ठाकूर-कातकरी फांद्या-पाचोळा जाळून नाचणी-वरी पिकवत आले. त्याला तज्ज्ञांनी सुचवलेला एक पर्याय म्हणजे झाडांच्या ओळी लावून मधल्या पट्ट्यात पीक घेणं. गिरिपुष्प किंवा सुबाभूळ छाटायची, पाला मातीत घालायचा. नत्र मिळतं, माती धुपत नाही. नायजेरियातल्या इबादानच्या संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात ही पद्धत पुढे आणली.

आमच्या मंठ्यात डोंगर कुणी जाळत नाही. पण उन्हाळ्यात धुरे पेटतात, पऱ्हाट्या-धसकटांचे ढीग पेटतात. धसकटं वेचते बाई. म्हणून बांधावर गिरिपुष्प लावा, हा सल्ला इथेही चांगलाच आहे. माझं भांडण सल्ल्याशी नाही. तो फक्त सातबाराधारकाला दिला जातो, याच्याशी आहे.

छाटणी कोण करणार? आफ्रिकेत अनेक शेतकऱ्यांनी ही पद्धत सोडली, त्याचं एक मोठं कारण छाटणीचे कष्ट हेच होतं. खुरपणी आणि छाटणी एकाच हंगामात येते, आणि आपल्याकडे खुरपं कुणाच्या हातात असतं हे काय सांगायचं! छाटलेली फांदी मातीला की चुलीला, हाही प्रश्न आहेच. सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पेटतेच. पाला रानात आणि काटक्या चुलीत, असा तोडगा कुठलीही बाई चुटकीसरशी सांगेल. पण तिला विचारावं लागतं.

पाण्याचंही तसंच. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमधल्या प्रयोगांत सुबाभळीच्या ओळींनी ओल ओढून घेतली आणि शेजारचं पीक खुरटलं. आमच्यासारख्या कमी पावसाच्या भागात झाड शेताच्या मधोमध नको, बांधावरच बरं. जालन्यात २०१२-१३च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या. रोपाला पहिली दोन वर्षं पाणी कोण घालणार, हे ठरवल्याशिवाय रोपं वाटण्यात अर्थ नाही.

आणि मूळ मुद्दा. झाड म्हणजे काही वर्षांची वाट पाहणं. जिचं जमिनीवर नाव नाही, तिने कशाच्या भरवशावर वाट पाहायची? नवऱ्याने टाकलं तर ती कपड्यांची पिशवी घेऊन निघते. तिने वाढवलेलं झाड बांधावरच राहतं. मुलीच्या लग्नाच्या खर्चाला झाड विकायचं ठरतं, तेव्हाही व्यवहार तिला विचारून होत नाही. २००६च्या वनहक्क कायद्यात विवाहितांना मिळणारा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने करायची तरतूद आहे. म्हणजे दळी कसणाऱ्या आदिवासी बाईला कायद्याने जे मिळायला हवं, ते मंठ्यातल्या शेतकऱ्याच्या बायकोला नवऱ्याच्या मर्जीने मिळतं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती अभियानानंतर शासनाने १९९२मध्ये त्याच नावाची योजना काढली. पण तीत अर्ज करायचा नवऱ्याने!

१९९४मध्ये महाराष्ट्राने आणि २००५मध्ये केंद्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः वाटा दिला. बायकोचा प्रश्न तिथेही सुटला नाही. नवरा जिवंत असेतो त्याच्या जमिनीवर तिचं नाव आपोआप लागत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, ग्रामसभेत बांधावरच्या रोपांचा विषय निघेल तेव्हा सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावण्याचा विषय त्याच बैठकीत घ्यायला लावा. लक्ष्मीमुक्तीखाली आपल्या गावात आजवर किती नावं लागली, हे तलाठ्याकडून लेखी घ्या आणि आम्हाला कळवा. पुढच्या अंकात गाववार छापू.