आठपट धूर आपल्याच वाट्याला का?

धुराला जात नसते म्हणतात. पण चिमणीच्या बुडाशी घर कुणाचे असते? भिवंडी, इचलकरंजीत सायझिंग-डाईंगचे बॉयलर वस्तीला खेटून धडधडतात. भाडे परवडते म्हणून तिथे राहतो तो आपला माणूस. भट्टीत लाकूड-कोळसा घालतो तोही आपलाच.

आता कायदा पाहा. पर्यावरण संरक्षण नियमांत तासाला १५ टन किंवा जास्त वाफ देणाऱ्या बॉयलरला धूलिकणांची मर्यादा दर घनमीटरला १५० मिलिग्रॅम आहे. दोन टनांखालच्या बॉयलरला १२००. म्हणजे आठपट सूट! त्यात लहान बॉयलरची चिमणीही ठेंगणी. धूर थेट आपल्या दारात उतरतो.

मालक म्हणतात, ‘सक्ती केली तर धंदा बुडेल, तुमचाच रोजगार जाईल.’ बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. उद्योग बुडाले नाहीत. श्वास की भाकरी, हा प्रश्नच आम्हाला मान्य नाही.

राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला याहून कडक मर्यादा घालण्याचा अधिकार त्याच नियमांनी दिला आहे. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: वस्तीजवळच्या प्रत्येक बॉयलरला संमतिपत्रातच १५० ची मर्यादा घाला. बॅग फिल्टरसाठी लहान कारखानदाराला सरकारने अर्थसाहाय्य द्यावे.

तरुणांनो, आपल्या वस्तीशेजारच्या बॉयलरचे संमतिपत्र आणि धूर-तपासणी अहवाल माहिती अधिकारात मागवा. कागद हातात घेऊन भांडू. जय भीम!