तारीख कुणाची, तोटा कुणाचा?

जीटीए ६ ही गेम पुढे ढकलली गेली की धाराशिवातल्या पोरांचंही डोकं फिरतं. डिसेंबर २०२३मध्ये पहिली झलक दाखवताना ती बनवणाऱ्या रॉकस्टारने २०२५ साल सांगितलं होतं. मग २६ मे २०२६ ठरली, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये तीही मोडून १९ नोव्हेंबर २०२६ झाली. तेरणा अभियांत्रिकीचा कट्टा असो की बसस्थानकाजवळचं मोबाइलचं दुकान, हा विषय निघाला की तीन मतं ठरलेली. एक : गेम बनवणारा डेव्हलपर बिचारा कलावंत, पैसा लावून ती विकणारा पब्लिशर त्याच्या मानगुटीवर बसलेला सावकार, सावकार हटवा, गेम झकास होईल. दोन : उशीर होतोय म्हणजे काम चांगलंच चाललंय, गप वाट बघा. तिसरं मत जरा हळू आवाजात मांडलं जातं, पण झोंबतं जास्त : आपल्या लोकांच्या हातात काम दिलं की असंच होणार, प्रिन्स ऑफ पर्शियाचं काय झालं बघा.

तिन्ही मतं मला साफ अमान्य आहेत. तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण ते आपल्याच अंगणात येऊन पडलेलं आहे.

युबिसॉफ्टने १० सप्टेंबर २०२० रोजी 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या २००३च्या गेमचा रीमेक जाहीर केला. मूळ गेम कंपनीच्या माँट्रियलच्या स्टुडिओची. रीमेकची जबाबदारी मात्र तिच्याच पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंवर टाकलेली. भारतातल्या स्टुडिओंच्या वाट्याला तोवर बहुतेक हातभाराचं काम येई : दुसऱ्यांच्या गेमचे भाग बनवा, एका यंत्रावरची गेम दुसऱ्या यंत्रावर चालेल अशी करा, चुका शोधा. एवढ्या नावाजलेल्या गेमची धुरा आपल्याकडे येणं ही साधी गोष्ट नव्हती. पण त्याच दिवशी प्रकाशनाची तारीखही सांगून टाकली, २१ जानेवारी २०२१. म्हणजे हातात साडेचार महिनेही नाहीत. झलक बघून लोकांनी पात्रांच्या चेहऱ्यांची, प्रकाशयोजनेची यथेच्छ टर उडवली. जुन्या प्लेस्टेशनवरची गेम वाटते, असं म्हणाले. तारीख १८ मार्चवर गेली, आणि फेब्रुवारीत तीही रद्द होऊन गेम बेमुदत पुढे गेली. मे २०२२मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियलला दिलं.

तिसऱ्या मताची मंडळी गोष्ट इथेच थांबवतात. ती पुढेही आहे. ज्या माँट्रियलने मूळ गेम घडवली, त्याच माँट्रियलच्या हातात ही गेम साडेतीन वर्षांहून जास्त काळ होती. जून २०२४मध्ये २०२६ साल जाहीर झालं. आणि २१ जानेवारी २०२६ला, म्हणजे पहिल्या जाहीर तारखेला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, युबिसॉफ्टने आणखी पाच गेमसोबत ही गेमही कायमची बंद केली. दोष पुण्याच्या हातांचा होता, तर माँट्रियलच्या हातांनी तो निस्तरायला हवा होता. २०२०ची झलक कच्ची होती, हे मी नाकारत नाही. ती मीही पाहिली आहे, आणि राजपुत्राचा चेहरा खरोखरच मेणाचा वाटत होता. पण कच्चा माल साडेचार महिन्यांच्या आत पक्का होऊन दुकानात येईल, हे जगाला सांगणारं तोंड चित्रं काढणाऱ्या पोरांचं नव्हतं. एवढ्या मोठ्या कंपनीत तारखा वर ठरतात. शिव्या मात्र खाली येऊन पडल्या, आणि त्यातल्या बऱ्याच देशाच्या नावाने पडल्या.

माझं म्हणणं यातच आलं. तारीख ठरवणारा एक आणि उशिराची किंमत मोजणारा दुसरा, ही या धंद्यातली खरी मेख आहे. लोभ, आळस, कलेची तळमळ हे सगळं असतंच. पण ते प्रत्येक धंद्यात असतं, त्याने हे कोडं सुटत नाही.

आता पहिलं मत, सावकार हटवा म्हणणारं. त्याला टेक्सासच्या ३डी रिअल्म्सची कहाणी ऐकवावी. एप्रिल १९९७मध्ये त्यांनी 'ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर' जाहीर केली. आधीच्या गेमवर रग्गड कमावलेलं, त्यामुळे खर्च स्वतःच्या खिशातून. पब्लिशरच्या तालावर नाचायची गरज नव्हती. तारीख विचारली की तयार होईल तेव्हा येईल, एवढंच उत्तर. पुढे काय झालं? गेम ज्यावर चालते ते एक इंजिन घेतलं, वर्षभरात टाकून दुसरं घेतलं. बाजारात कुणाची नवी करामत दिसली की तीही आपल्यात हवी. वर्षं गेली. मे २००९मध्ये पैसे संपले, माणसं घरी पाठवली, प्रकाशनाचे हक्क असलेल्या टेक-टूने कोर्टात खेचलं. शेवटी गिअरबॉक्स या दुसऱ्या स्टुडिओने उरलंसुरलं गोळा करून जून २०११मध्ये गेम बाहेर काढली. चौदा वर्षं! आणि आली तेव्हा समीक्षकांनी झोडपली. इथे मानगुटीवर कुणी नव्हतं, आणि 'बाबांनो, आता पुरे' म्हणण्याची ताकद असलेलंही कुणी नव्हतं.

पब्लिशर नेहमी घाईच करतो, हा समजही तपासून बघावा. बीजीएमआय खेळणाऱ्या प्रत्येक पोराला क्राफ्टॉन हे नाव ठाऊक आहे. या कोरियन कंपनीने २०२१मध्ये अननोन वर्ल्ड्स हा अमेरिकी स्टुडिओ ५० कोटी डॉलरना घेतला, आणि कमाईचं लक्ष्य गाठलं तर आणखी २५ कोटी डॉलरपर्यंत देऊ असं कबूल केलं. जुलै २०२५मध्ये स्टुडिओच्या तिघा प्रमुखांना काढून टाकलं आणि त्यांची 'सबनॉटिका २' ही गेम २०२६वर ढकलली. प्रमुख म्हणतात, गेम सुरुवातीच्या विक्रीला तयार होती, आमचे पैसे बुडवायला मुद्दाम लांबवली. कंपनी म्हणते, यांनी कामाकडे पाठ फिरवली होती, माल तयारच नव्हता. वाद डेलावेअरच्या कोर्टात गेला. खरं कोण, याचा निवाडा मी इथे करणार नाही. बघायचं ते एवढंच की इथे 'थांबा' म्हणणारा पब्लिशर आहे आणि 'आताच काढा' म्हणणारा डेव्हलपर. आणि हे फार लांबचंही नाही. 'रिअल क्रिकेट' बनवणाऱ्या पुण्याच्या नॉटिलस मोबाइलवर २०२५पासून याच क्राफ्टॉनची मालकी आहे.

एका टेक-टूकडेच बघा ना. ड्यूकसाठी कोर्टात जाणारी कंपनी तीच आणि रॉकस्टारची मालकीणही तीच. जीटीए ६च्या दोन तारखा तिने निमूट गिळल्या. ती काही संत झालेली नाही. जीटीए ५च्या वीस कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्यात, आणि एवढी दुभती म्हैस असली की लाथाही गोड लागतात.

उशीर म्हणजे दर्जा, या दुसऱ्या मताला फार वेळ देण्यासारखं नाही. त्याच्या समर्थनात निन्तेन्दोच्या मियामोटोंच्या नावाचं एक वाक्य फिरतं. ते त्यांनी कधी म्हटलं, याचा धड पुरावा कुणी दिलेला नाही. 'सायबरपंक २०७७' २०१२मध्ये जाहीर झाली, वारंवार लांबली, डिसेंबर २०२०मध्ये आली आणि आठवड्यात प्लेस्टेशनच्या दुकानातून काढावी लागली. तिचा पब्लिशर डेव्हलपरच्या घरचाच होता. उलट 'सिल्कसाँग' २०१९ ते सप्टेंबर २०२५ एवढी रखडली आणि उत्तम निघाली, हे कबूल. पण ॲडलेडच्या त्या चिमुकल्या चमूकडे आधीच्या 'हॉलो नाइट'ची कमाई होती. तारीख त्यांची, पैसा त्यांचा, उशिराचा भारही त्यांचाच. म्हणून तिथे भांडणच झालं नाही.

मग सगळ्यांनीच तसं करावं, पब्लिशर हवाच कशाला? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' या गेमसाठी २०१७मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे मागून पाहिले. मोहीम फसली. कसरती करणारी एक पोरगी, राक्षसांनी पळवलेला तिचा भाऊ, आणि तिच्या हाती त्रिशूळ देणारी दुर्गा. तुळजापूरच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही, पण परक्या मुलखात पैसे उभे करायला ती पुरली नाही. पुढे सुपर.कॉम हा पब्लिशर मिळाला, ऑगस्ट २०२०मध्ये गेम निन्तेन्दोच्या स्विचवर आली आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या छोट्या गेमच्या गटात तिला नामांकन मिळालं. आणि लोकांचे पैसे मिळाले म्हणजे तारीख पाळली जाते, असंही नाही. 'स्टार सिटिझन'ने २०१२पासून चाहत्यांकडून ८० कोटी डॉलरहून जास्त गोळा केले आहेत. पूर्ण गेम अजून यायची आहे.

तेव्हा पब्लिशर हवा. प्रश्न करारातल्या अटींचा आहे, आणि त्या समजायला आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला इंग्रजी पुस्तक लागणार नाही. वाशी, भूम, कळंबच्या वाड्यावस्त्यांत दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम उचल देतो, आणि हंगामभर कोयता चालवून ती फेडायची असते. गेमच्या धंद्यातला आगाऊ पैसा हाच, त्या धंद्यात फेडण्याला रिकूप म्हणतात. समजा पब्लिशरने दोन कोटींची उचल दिली आणि वाटणी निम्मी-निम्मी ठरली. उचल डेव्हलपरच्या हिश्शातून कापायची अट असेल, तर त्याला पहिला रुपया दिसण्याआधी चार कोटी जमायला हवेत. त्याआधी स्टीमसारखं ऑनलाइन दुकान आपले तीस टक्के काढून घेतं, म्हणजे विक्री पावणेसहा कोटींच्या आसपास जायला हवी. जाहिरातीचा खर्चही उचलीतच धरला असेल तर विचारूच नका. आता यात सहा महिन्यांचा उशीर घाला. पगार थांबत नाहीत, उचल संपते, नवी घ्यावी लागते आणि हिस्सा आणखी घटतो. गेम खपते, टाळ्या पडतात, आणि बनवणारा पुढच्या गेमसाठी पुन्हा हात पसरतो.

पण मुकादमाची उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. गेम आपटली तर डेव्हलपरला आगाऊ पैसे सहसा परत करावे लागत नाहीत; तो तोटा पब्लिशरचा. हे न सांगता पब्लिशरला सावकार म्हणणं अप्रामाणिकपणाचं आहे. पैसे बुडण्याची जोखीम घेणाऱ्याला काम कुठवर आलं हे विचारण्याचा हक्क आहेच.

मला हवं आहे ते असं. तारीख जाहीर करायची ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येणारी प्रत दोघांनी बघून, दोघांच्या सहीने. त्यानंतर पब्लिशरने दिवाळीच्या बाजारासाठी गेम रोखून धरली, तर त्या महिन्यांचे पगार त्याने भरावेत, आणि ते उचलीत धरू नयेत. डेव्हलपरला ऐन वेळी नवं इंजिन सुचलं, तर त्याचा हिस्सा घटावा. टप्प्याटप्प्याने पैसे देण्याच्या करारात सगळ्यांत जास्त रक्त आटतं ते मंजुरीपाशी. टप्पा पुरा करून पाठवला की समोरून दोन-दोन महिने उत्तर नाही, आणि मंजुरी नाही म्हणून हप्ता नाही. दहा माणसांच्या स्टुडिओला बुडायला एवढा काळ पुरेसा असतो. चांगली पोरं तोवर बँकेच्या सॉफ्टवेअरला लागलेली असतात, आणि मग उशीर कुणामुळे झाला यावर वाद घालायला दोन्ही बाजू मोकळ्या. म्हणून ठरलेल्या दिवसांत उत्तर आलं नाही, तर टप्पा मंजूर धरावा. आणि पब्लिशरने गेम बासनात गुंडाळली, तर हक्क बनवणाऱ्याकडे परत यावेत.

महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२५मध्ये ॲनिमेशन-गेमिंगचं धोरण मंजूर केलं. २०५०पर्यंत ३,२६८ कोटी रुपये, दोन लाख रोजगार असे आकडे त्यात आहेत. पार्क होतील, इमारती होतील, उद्घाटनंही होतील. पण धाराशिवहून पुण्याला जाऊन चार मित्रांसोबत गेम बनवणाऱ्या पोराला डेलावेअरचा वकील परवडणार नाही. त्याच्यासाठी मराठीत एक नमुना करार आणि पुण्यातच तंटा मिटवणारा लवाद, एवढं या पैशाच्या कोपऱ्यातून निघू शकतं.

इतक्या अटी घातल्या तर पब्लिशर पळून जातील, असं मला सांगितलं जातं. स्वीडनच्या रॉ फ्युरी या पब्लिशरने २०२१मध्ये आपला प्रकाशन करार कुणालाही वाचता येईल असा उघड्यावर ठेवला. पैसे आधी कुणाचे फिटतात, वाटणी कशी होते, सगळं त्यात आहे. कंपनी पळाली नाही, त्यानंतरही गेम काढतच राहिली. हिशेब दाखवायची अट वाचून जो पळेल, तो सही करण्याआधीच पळाला तर बिघडलं कुठे?