उटण्याचं दुकान आणि गूगलची वही

मैत्रिणींनो, आमच्या धर्मापुरीतल्या एका वहिनींनी रीतसर परवाना काढून उटण्याचं ऑनलाइन दुकान थाटलं. श्रावण सरत आला तरी गिऱ्हाईक नाही! 'गूगलवर पहिला नंबर आणून देतो' म्हणणाऱ्याला त्या बचत गटाच्या कर्जातले पैसे मोजायला निघाल्या. मी म्हटलं, "थांबा वहिनी! अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलच सांगतं."

मग आम्ही गूगलचं 'सर्च कन्सोल' उघडलं. ते फुकट असतं. काय शोधताना आपलं दुकान दिसलं, किती वेळा दिसलं, किती जण आत आले, याचा सगळा हिशेब त्यात असतो. वहिनींनी पाटी लावली होती 'हर्बल ग्लो पावडर'. त्यामुळे दुकान दिसत होतं तोंडाची पावडर शोधणाऱ्यांना. त्या कशाला आत येतील?

आता पाटी आहे 'दिवाळीच्या अभ्यंगाचे उटणे'. खाली आंबेहळद, नागरमोथा, वाळा, वजन आणि किंमत. बदलाचा गुण दिसायला आठवडे, कधी महिनेही लागतात. म्हणून दिवाळीची पाटी श्रावणातच लावावी. आणि दर सोमवारी, दूधवाल्याच्या हिशेबासारखी, ही वहीसुद्धा पाहावी बरं का!