कडक गुरूच्या हाताखाली

नवी नोकरी लागते. पहिल्याच आठवड्यात मन लावून तयार केलेला कागद साहेबांकडून लाल शेऱ्यांनी भरून परत येतो. दुसऱ्यांदा करून द्यावा, तर पुन्हा परत. घरी गेल्यावर जेवण गोड लागत नाही आणि एकच विचार मनात घोळू लागतो, 'हे काम आपल्या आवाक्यातले नाही.' अशा वेळी साहेबांचा राग येणे साहजिक आहे. पण रागावण्यापूर्वी एक गोष्ट पारखून घ्यायला हवी. ही कठोरता आपल्या कामाबद्दल आहे की आपल्या स्वतःबद्दल?

शास्त्रज्ञ कमला सोहोनी यांच्या वाट्याला ऐन उमेदीच्या वयात या दोन्ही प्रकारच्या कठोरता एकदमच आल्या. तेव्हा त्या कमला भागवत होत्या, लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. वडील आणि काका दोघेही बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत पहिल्या येऊन कमलाताईंनी त्याच संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

कमलाताई बंगलोरला गेल्या आणि त्यांनी रामन यांनाच कारण विचारले. गुण कमी नाहीत, तर प्रवेश का नाही? त्या सत्याग्रहाला बसायलाही तयार होत्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष उमेदवारीचे. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही काम करायचे आणि मुलांच्या अभ्यासात आपल्यामुळे व्यत्यय येऊ द्यायचा नाही. ही शेवटची अट किती बोचरी होती, हे वेगळे सांगायला नको.

पण याच वर्षात त्यांना दुसरे कडक गुरू भेटले. ते म्हणजे मार्गदर्शक श्रीनिवासय्या. शिस्तीला अतिशय कठोर, कामात तडजोड नाही. मात्र शिकण्याची ओढ दिसली की हातचे काही राखून न ठेवणारे. त्यांच्या हाताखाली कमलाताईंनी दूध आणि डाळींमधील प्रथिनांवर काम केले. प्रथिन हे मोठे नाजूक द्रव्य. उष्णता थोडी जास्त झाली किंवा आम्लाचे प्रमाण बदलले तरी त्याचे रूप पालटते आणि केलेली मेहनत वाया जाते. तेथे मुलगा-मुलगी हा प्रश्नच नसतो. प्रयोग बरोबर असतो किंवा चुकलेला असतो.

वर्ष संपले तेव्हा त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले. कमलाताईंना नियमित प्रवेश मिळालाच, शिवाय पुढे इतर मुलींनाही संस्थेची दारे खुली झाली. १९३६ मध्ये त्या एम. एस्सी. झाल्या आणि त्यानंतर केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्यावर काम करताना 'सायटोक्रोम सी' हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा पीएच. डी.चा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. १९३९ मध्ये त्याच प्रबंधावर त्यांना पदवी मिळाली. चाळीस पाने लिहून थांबायला स्वतःच्या कामावर पक्का विश्वास लागतो. ज्याची खात्री नसते, तोच पाने वाढवत जातो.

रामन यांनी अडवले म्हणूनच त्या इतक्या पुढे गेल्या, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. आयुष्याच्या अखेरीसही कमलाताईंनी तो अन्याय बोलून दाखवला होता. रामन यांचे शास्त्रज्ञ म्हणून मोठेपण मान्य करूनही त्यांचा संकुचितपणा त्या विसरल्या नव्हत्या. अपमानाने माणूस जिद्दीला पेटेल, पण त्याला काम येत नाही. आत्मविश्वास येतो तो काम आल्यावर आणि काम शिकवले श्रीनिवासय्यांच्या कडकपणाने.

म्हणून लाल शेऱ्यांचा कागद हातात पडला की तोंड पाडून बसू नका. शांतपणे विचारा, 'साहेब, नेमके कुठे चुकले?' उत्तरात आकडा, वाक्य, पद्धत दाखवली गेली, तर समजा की गुरू लाभला. ती चूक वहीत टिपून ठेवा आणि पुन्हा होऊ देऊ नका. महिन्याभराने वही चाळली की आपण किती पुढे आलो ते कुणी सांगावे लागत नाही. हीच आत्मविश्वासाची सुरुवात.

पण 'तुम्हा मुलींना हे जमायचे नाही' किंवा 'खेड्यातून आलेल्यांचे हे असेच' असे उत्तर मिळाले, तर ती शिकवण नव्हे. ती निमूट गिळू नका. कमलाताईंसारखे समोर जाऊन कारण विचारा, कामाची संधी मागा आणि मिळालेल्या संधीत काम चोख करून दाखवा.

घरच्या मंडळींनीही मुलगा किंवा सून चेहरा उतरवून घरी आली की लगेच 'सोड ती नोकरी' किंवा 'मोठ्यांचे ऐकून घ्यावे' असे म्हणू नये. आधी एवढेच विचारावे, 'ते कशावरून रागावले?' निम्मे उत्तर त्यातच मिळते.

कमलाताई पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक आणि नंतर संचालक झाल्या. जी खुर्ची एकेकाळी त्यांच्या वाटेत आडवी आली होती, तशीच खुर्ची आता त्यांच्याकडे होती. आज जे लाल शेरे सोसतात, त्यांच्याही हाती उद्या लाल पेन येणार आहे. तेव्हा शेरा कामावर मारायचा की माणसावर, हे आजच ठरवून ठेवावे.