मागून येणारी गाडी

सायकल ही एकट्याची सवारी, अशी आमची लहानपणापासूनची समजूत. बैलगाडीला बैलांची जोडी लागते, होडीला वल्हे मारणारे दोघे लागतात. परंतु सायकलीला दोन चाके, एक बैठक आणि एक स्वार एवढे पुरते. आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने ही समजूत गेल्या हिवाळ्यात मोडून काढली आणि ती मोडताना आमच्या पदरात एक धडाही टाकला. तो धडा आम्हांला लाजविणारा आहे. म्हणूनच तो या सदरात सांगितलाच पाहिजे, असे आम्हांस वाटते. कारण व्यासपीठावरून इतरांच्या चुका दाखविणाऱ्याने आपली चूक झाकून ठेवणे बरे नव्हे.

हा तरुण इंदुरातील एका कारखान्यात नोकरीस आहे. पहाटे उठून महूपर्यंत आणि सुटीच्या दिवशी मानपूरच्या घाटापर्यंत सायकल हाणण्याचा त्याचा परिपाठ. पुण्याहून गोव्यापर्यंत, सुमारे ६४० किलोमीटर न थांबता सायकल चालविण्याची जी शर्यत भरते, तिच्यात उतरावे, अशी त्याची मनीषा होती. ‘न थांबता’ हा शब्द ऐकून आम्ही चमकलो. तेव्हा त्याने आम्हांला अमेरिकेतील एका शर्यतीची हकीकत सांगितली. ती वाचकांनाही ठाऊक असावी, म्हणून येथे देतो.

‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ असे त्या शर्यतीचे नाव. १९८२ साली अवघ्या चार स्वारांनिशी ती सुरू झाली. पश्चिमेच्या सागरतीरापासून पूर्वेच्या सागरतीरापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरांची ही वाट. वाळवंटाची होरपळ, रॉकी पर्वताचे चढ, कॅन्ससच्या सपाट प्रदेशातील वारे आणि शेवटी अॅपलाचियन डोंगरांच्या रांगा, एवढे सारे ओलांडायचे. सगळे चढ एकत्र केले, तर ते ५० हजार मीटरांच्या घरात जातात. म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीच्या पाचपटींहून अधिक. फ्रान्समधील प्रसिद्ध शर्यतीत स्वार दिवसाचा टप्पा संपवून रात्री झोपतो. येथे मात्र घड्याळ एकदा सुरू झाले की ते शेवटपर्यंत थांबत नाही. झोपायचे त्याने झोपावे, परंतु त्या झोपेची घटकाही हिशेबात धरली जाते. एकट्या स्वाराला मुदत बारा दिवसांची. म्हणजे दररोज सरासरी ४०० किलोमीटर. बहुतेक स्वार दिवसाकाठी दोनतीन तासांच्या झोपेवर भागवितात. या वाटेवर २००३ आणि २००५ साली वाहनांच्या धडकेने एकेका स्वाराचा प्राणही गेला आहे.

अशा शर्यतीत आपल्या महाराष्ट्रातील माणसांनी नाव मिळविले, ही अभिमानाची गोष्ट होय. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघात ती ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पुरी केली. एक भाऊ सायकलवर असताना दुसऱ्याने विसावा घ्यावयाचा, अशी त्या प्रकाराची रीत. २०१७ साली लष्करातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ती एकट्याने ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत पार केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या पाठोपाठ, अवघ्या काही तासांच्या अंतराने, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी पहिल्याच प्रयत्नात ती पुरी केली. पुढच्याच वर्षी डॉ. समर्थ रशियात मॉस्कोपासून व्लादिव्होस्तोकपर्यंत नऊ हजार किलोमीटरांहून लांब वाट सायकलीने चालून गेले.

परंतु या हकीकतीत आमचे मन जेथे अडकले, ते स्थळ निराळेच आहे. या शर्यतीत स्वार एकटा जात नाही. त्याच्या मागून एक गाडी जाते आणि त्या गाडीत त्याचे सहायक असतात. त्यांना ही मंडळी ‘क्रू’ म्हणतात. एक जण गाडी हाकतो, दुसरा वाट दाखवितो, तिसरा खाणेपिणे हातात देतो, चौथा चेन आणि टायर सांभाळतो, पाचवा आखडलेले स्नायू चोळतो. रात्र पडली की मागच्या गाडीच्या दिव्यांच्या उजेडातच स्वाराने चालावे, असा नियमच आहे. गाडी थांबली तर स्वारानेही थांबावयाचे. सहायकही माणसेच असल्यामुळे ते पाळीपाळीने झोपतात. हाकणाराच डुलकी घेऊ लागला, तर पुढच्याचे काय व्हावयाचे? या सर्वांवर एक प्रमुख असतो. स्वाराने केव्हा खावे, केव्हा झोपावे आणि प्रसंगी केव्हा उतरावे, हे तो ठरवितो.

स्वाराने स्वतः का ठरवू नये, असे आम्ही त्या तरुणाला विचारले. तो म्हणाला, “फादर, दोन रात्री झोप नसली की पहिल्यांदा अक्कल थकते, पाय नंतर. आणि थकलेल्या अकलेला आपण थकलो आहोत हे कळतच नाही.” हे उत्तर आम्ही कौतुकाने ऐकले आणि विसरून गेलो. विसरलो नसतो, तर पुढचा प्रसंग घडता ना.

पुण्याच्या शर्यतीपूर्वी एक चाचणी म्हणून त्याने इंदूर ते नाशिक हा जुना आग्रा-मुंबई रस्ता निवडला. सुमारे ४०० किलोमीटरांची ती वाट एका दिवसरात्रीत पुरी करावयाची होती. गाडी हाकावयास त्याचे मामा, सायकलीच्या दुरुस्तीस एक मित्र आणि प्रमुख म्हणून त्याची थोरली बहीण. ती परिचारिका आहे. चौथा मित्र ऐन वेळी तापाने आजारी पडला, म्हणून त्याच्या जागी आम्ही गेलो. आमच्याकडे काम सोपे होते: बाटली भरून देणे आणि वहीत दर तासाला लिहिणे, की त्याने किती पाणी प्याले आणि काय खाल्ले.

सोमवारी सायंकाळी पाचला निघालो. मानपूरचा घाट उतरून खलघाटला नर्मदामाईचा पूल ओलांडला, तोवर सारे आनंदात होते. जुलवान्याच्या पुढे त्याला मळमळू लागले. सेंधव्याला तो दोनदा ओकला. परिश्रमात शरीर रक्ताचा ओघ स्नायूंकडे वळविते आणि पोटाचा वाटा कमी होतो. त्यात पाणी उणे पडले, की घेतलेले अन्न पोटात टिकत नाही. त्याच्या बहिणीने हे ओळखले. बिजासनचा घाट उतरून पळासनेरला आम्ही महाराष्ट्रात शिरलो, तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. ती म्हणाली, “आता दोन तास झोप. मग पाहू.” तो ऐकेना. त्याने आमच्याकडे पाहिले.

वाचकहो, येथे आम्ही चुकलो. आम्ही त्याला संत पौलाची आठवण करून दिली. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषिताने धावपटूचा दृष्टान्त दिला आहे आणि तीमथ्यास लिहिताना आपली धाव आपण पुरी केली, असे म्हटले आहे. ते सारे आम्ही त्या अंधाऱ्या रस्त्याच्या कडेला मोठ्या आवेशाने सांगितले. पोराच्या डोळ्यांत चमक आली. तो पुन्हा सायकलवर बसला. बहीण काही बोलली नाही. धर्मगुरूच्या शब्दापुढे आपल्या घरांतून अजूनही सहसा कोणी बोलत नाही. आणि हेच त्या रात्रीचे संकट होते.

शिरपूर मागे पडले. तापीचा पूल ओलांडला. पहाटेच्या त्या गार वेळी गाडीच्या दिव्यांत आम्हांला दिसू लागले, की सायकल सरळ जात नाही. ती हळूहळू रस्त्याच्या मध्याकडे सरकते आणि झटका खाऊन परत कडेला येते. तिसऱ्या वेळी ती परत आली नाही. मागून एक मालमोटार भरधाव येत होती. मामांनी भोंगा दाबून धरला, पोरगा दचकून कडेला वळला आणि ती मोटार दोन हातांवरून निघून गेली. बहिणीने गाडी पुढे घ्यावयास लावली, खाली उतरून सायकलीची मूठ धरली आणि म्हणाली, “संपलं. उतर.”

तो संतापला. मग रडू लागला. “फादर, तुम्ही तरी सांगा ताईला,” असे म्हणाला. आमच्या मांडीवर वही होती. सांगण्यापूर्वी सहज तिच्याकडे नजर गेली. एक वाजताचे पाणी: दोन घोट. दोनचे: रेघ. तीनचे: रेघ. चारचे: रेघ. त्या तिन्ही रेघा आमच्याच हातच्या. आम्ही त्या ओढीत होतो आणि तोंडाने धावण्याचा उपदेश करीत होतो. जे आम्ही स्वहस्ते लिहिले, ते आम्ही वाचलेच नव्हते.

“ताईचं ऐक, बाळ,” एवढेच आम्ही म्हणालो. त्यापुढे शब्द सुचला नाही.

जवळच्या ढाब्यावर खाटा होत्या. क्षार-साखरेचे पाणी चमच्या-चमच्याने त्याच्या पोटात उतरविण्यात आले आणि तो चार तास मेल्यासारखा झोपला. उठल्यावर त्याने मऊ खिचडी खाल्ली आणि ती पोटात टिकली. नाशिक अजून दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर होते. सायकल गाडीच्या टपावर बांधून आम्ही इंदूरला परतलो.

परतीच्या वाटेवर आम्हांला एलिया संदेष्टा आठवला. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात तो रानात एका झुडपाखाली पडून मरण मागतो. देवाने त्याच्याकडे दूत पाठविला. त्या दूताने काय केले? त्याने उपदेश केला नाही, की धीर सोडल्याबद्दल बोल लावला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी ठेवले आणि ऊठ, खा, असे म्हटले. एलिया खाऊन पुन्हा झोपला, तर दूताने त्याला झोपू दिले. दुसऱ्या खेपेस पुन्हा खाऊ घालताना मात्र, वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे, हे त्यानेच सांगितले. त्यानंतर एलिया चाळीस दिवस होरेब पर्वतापर्यंत चालला. हा उतारा आम्ही सेमिनरीत असताना अभ्यासिला, त्यावर प्रवचनेही केली. परंतु तो मागून येणाऱ्या गाडीचा उतारा आहे, हे कळावयास तापीकाठचा तो ढाबा लागला.

संत पौलाचे वचन खोटे नव्हे; ते त्या घटकेला लागू नव्हते. ज्याच्या पोटात पाणी नाही, त्याला मुकुटाची गोष्ट सांगणे ही भक्ती नसून आळस आहे. कारण शब्द देणे सोपे असते, पाणी पाजण्यास बसावे लागते. आपल्या कुटुंबांत असे किती स्वार आहेत! परीक्षेला बसलेल्या मुलाला आपण ‘जिद्द सोडू नकोस’ म्हणतो. तो किती रात्री झोपला नाही, याची वही कोणी ठेवते का? अर्धांगवायूने पडलेल्या पतीची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या एका माउलीकडे आम्ही पवित्र साक्रामेंत घेऊन जातो. प्रत्येक वेळी ‘बाई, तुमचा क्रूस थोर आहे’ असे म्हणत आलो. परवा पहिल्यांदा आम्ही विचारले, “तुम्ही सलग झोपलात केव्हा?” ती उत्तर देईना, नुसते डोळ्यांना पदर लावला. आता धर्मग्रामातील चार भगिनी पाळीपाळीने आठवड्यातील दोन रात्री तेथे जातात. आणखी दोघींची गरज आहे. ज्यांना जमेल त्यांनी आम्हांस मिस्सानंतर भेटावे.

आणि थांबणे म्हणजे हरणे नव्हे. ज्या लेफ्टनंट कर्नल गोकुलनाथांचे नाव वर आले, त्यांनाही २०१६ साली ती शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली होती. पुढच्या वर्षी ते पुन्हा गेले, ते शेवट गाठूनच परतले. जो वेळेवर उतरतो, तोच पुन्हा चढू शकतो.

आमचा तरुण येत्या हिवाळ्यात पुन्हा नाशिकला निघणार आहे. परवा येऊन त्याने विचारले, “फादर, याल ना?” आम्ही होकार दिला. परंतु त्याच्या ताईने एक अट घातली आहे आणि ती आम्ही निमूटपणे मान्य केली आहे: फादरांनी वही धरावी, दर तासाला ती मोठ्याने वाचून दाखवावी, आणि प्रवचन नाशिकला पोहोचल्यावर करावे.