पोरींच्या खेळासाठी सहा गुंठे



गळीत, उतारा आणि दर यांवर आपण नेहमीच बोलतो. आज बास्केटबॉलवर बोलू. "उसाच्या फडात हे काय नवीन?" असे कुणी म्हणेल, पण प्रश्न आपल्याच लेकींचा आहे.

जुलै 2017 मध्ये बंगळूरला महिलांची आशियाई चषक बास्केटबॉल स्पर्धा झाली. भारत तेव्हा 'ब' गटात होता. अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी कझाकस्तानला 75-73 असे हरवून 'अ' गटात जागा मिळवली. फरक अवघ्या दोन गुणांचा! त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. पुढे ती भारताची कर्णधार झाली. पण 2019 मध्ये त्याच बंगळुरात 'अ' गटाचे सामने झाले, तेव्हा आपण आठांत आठवे आलो. चषक जपानने नेला.

यातून आम्ही एवढेच समजतो, की वर चढायला एक सामना पुरतो; टिकायला मात्र गावोगाव खेळणाऱ्या पोरी लागतात. बेणेच थोडे, तर फड दाट कुठून यायचा?

आपल्या पोरींत काय कमी आहे? दम, चपळाई, हुलकावणी खो-खोने शिकवलीच आहे. आपल्या वेळापूरचे खो-खोतले नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक भारतीय मुलींनी जिंकला. कर्णधार महाराष्ट्राचीच प्रियांका इंगळे. कमी आहे ती जागा आणि शिकवणारे माणूस. शिवाय दहावी झाली की घरातूनच ऐकू येते, "आता पुरे झालं खेळणं!"

बास्केटबॉलचे मैदान 28 मीटर लांब, 15 मीटर रुंद. कडेची मोकळी जागा धरून सहा गुंठे पुरतात. "आधी उसाचं बिल द्या, मग खेळ," असे काहीजण म्हणतील. बिल वेळेवर मिळालेच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण सहकाराने नुसता ऊस गाळला नाही, शाळा-कॉलेजेही काढली. त्याच आवारात पोरींना सहा गुंठे जड का व्हावेत?

आमची सूचना अशी : वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा. सराव शेवटच्या एस.टी.च्या आत संपावा, म्हणजे घरच्यांना घोर नाही. आणि सभेला येताना प्रत्येकाने आपल्या लेकीला विचारून यावे, "खेळशील का?"