उलटून बघणारं गिऱ्हाईक

माझी धारवाडची पुतणी गेल्या रविवारी चिगरीतून हुबळीला आली, मांडीवर भली मोठी पिशवी घेऊन. चिगरी म्हणजे आमच्या जुळ्या गावांमधली, राखीव रस्त्यावरून पळणारी बस. कन्नडमध्ये चिगरी म्हणजे काळवीट. पिशवीत कसूती भरलेले आठ दुपट्टे, सहा ब्लाउजपीस आणि एक बटवा. नोकरी सोडून तिला सहा महिने झाले. सकाळपासून केशवापुरात तीन घरं फिरून झाली होती. खपला फक्त बटवा, तोही तिच्या मावशीकडे.

"काका, मोबाइलवर साडेचारशे जणांनी 'सुंदर' म्हणून लिहिलंय. घेत कुणीच नाही. गिऱ्हाईक असतं तरी कुठं?"

मी चहाच्या कपात बघत बसलो. बोलली ती आई. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय. तिनं एक दुपट्टा उचलला, त्यावरच्या गोपुराकडे बघितलंही नाही. सरळ उलटा केला आणि मागून अंगठा फिरवला.

"गाठ कुठाय गं?"

"गवंतीला गाठ नसते आजी."

"ठाऊक आहे. तू मारलीस का, ते बघत होते."

कसूती न बघितलेल्यांसाठी सांगतो. कापडावर छापा नाही, पेन्सिलीची रेघ नाही. ताण्याबाण्याचे धागे मोजत सुई चालते. गवंती, मुरगी, नेयगे, मेंथे असे चार टाके. गवंतीत सुई एक घर सोडून एक घर भरत पुढं जाते आणि त्याच वाटेनं परतताना सुटलेली घरं भरते. त्यामुळं सुलट आणि उलट दोन्हीकडं नक्षी सारखीच. जाताना एक धागा चुकला, तर परतीच्या वाटेवर चूक उघडी पडते. आमच्या भागात काळ्या चंद्रकळेवर याच टाक्यांनी रथ, पालखी, तुळशीवृंदावनं भरली जात. सासू आधी चंद्रकळेची मागची बाजू बघायची, मग सुनेचं कौतुक करायची, असं आई सांगते.

फोटोत मागची बाजू येत नाही. साडेचारशे जणांनी सुलट बाजू बघितली आणि बोट पुढं सरकवलं. कापड हातात घेऊन उलटं करणारं माणूस दिवसभरात एकच भेटलं.

गिऱ्हाइकाबद्दल सल्ला द्यायला मी फारसा लायक नाही. १९८८ साली हुबळीतल्या दुर्गद बैल भागात एका जिन्याखाली मी पाट्या रंगवायचं दुकान काढलं होतं. कन्नड, मराठी, इंग्रजी, तिन्ही लिप्यांत हात बरा होता. पिठाची गिरणी, शिंपी, सायकल दुरुस्ती अशी किरकोळ कामं यायची. मग एका मोठ्या कापड दुकानाचं काम लागलं: दर सणाला नवे फलक, दर महिन्याला सेल. मी हुरळलो. गिरणीवाल्याला "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून तीनदा परत पाठवलं. कापडवाल्याकडं अकरा महिन्यांची उधारी थकली, वसूल झाली निम्मी. पुन्हा गिरणीत गेलो, तर दारावर दुसऱ्याच्या हातची पाटी होती. अक्षर माझ्यापेक्षा वाईट, पण पाटी वेळेवर लागलेली. लोकांना मी सांगतो, फ्लेक्सनं माझा धंदा बसवला. खरं म्हणजे फ्लेक्स यायच्या आधीच मी शटर ओढलं होतं.

एकाच मोठ्या आधाराला टेकलेलं घर मोठ्यांचंही हलतं. इथल्या बेंगेरीत खादी संघाच्या बायका राष्ट्रध्वज शिवतात, प्रमाणित मापाचा, चक्रातल्या प्रत्येक आऱ्याचा हिशेब ठेवून. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली, यंत्रावरच्या पॉलिएस्टरच्या झेंड्यांनाही परवानगी मिळाली, आणि संघाला आंदोलनाला उतरावं लागलं. कामात खोट नव्हती. गिऱ्हाइकाला बांधून ठेवणारा नियमच सुटला.

मग टिकलं कोण? त्यासाठी पुतणीला मी तिच्याच गावातल्या सुभाष रोडचं नाव सांगितलं. तिथं जिना चढून वर गेलं की मनोहर ग्रंथमालेची जागा लागते. धारवाडकर तिला नुसतं 'अट्टा' म्हणतात, म्हणजे माळा. जी. बी. जोशींनी १९३३ साली ही ग्रंथमाला सुरू केली. त्या काळी कन्नड पुस्तक विकत घेऊन वाचणारा वर्ग तो केवढा! जोशींनी वर्गणीदार केले. वाचकानं पैसे आधी भरायचे, पुस्तकं नंतर यायची. त्यासाठी ते पुस्तकं घेऊन गावोगाव हिंडले. ह्याच माळ्यानं १९६१ साली गिरीश कार्नाडांचं पहिलं नाटक 'ययाति' छापलं. पंचविशीही न गाठलेल्या, नाव नसलेल्या पोराचं नाटक छापायला धीर लागतो. मला वाटतं, त्या धीरात वर्गणीदारांचाही वाटा असणार. ज्यानं न बघितलेल्या पुस्तकाचे पैसे आधी दिलेत, त्याच्यापुढं नवं काही ठेवता येतं.

मराठीतही हे झालंय, आणि तेही लोखंडाच्या कारखान्यातून. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावकडचे. लोखंडी नांगरानं जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, तेव्हा ते नांगर विकत होते. नांगर घेतलेला शेतकरी पुन्हा वर्षानुवर्षं दुकानाकडं फिरकत नाही, कारण नांगर मोडत नाही. १९२० साली त्याच घरातल्या शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. ते मूळचे चित्रकार. कारखान्याची बातमी देता देता खबरीचं मासिक झालं, 'किर्लोस्कर' झालं, १९३० साली 'स्त्री' आलं. पुढं नांगराशी काही संबंध नसलेल्या घरांतही किर्लोस्कर हे नाव पोस्टानं येऊ लागलं.

हे सगळं ऐकून पुतणी म्हणाली, "म्हणजे मी मासिक काढू?"

"वही काढ," मी म्हणालो. "दोन रकाने कर. पहिल्यात पहिल्यांदा घेणारे. मावशी, मामी, मैत्रिणी सगळ्या त्यात जातील, ते ओळखीचे पैसे. दुसऱ्यात फक्त दुसऱ्यांदा आलेले. धंदा किती झाला ते दुसरा रकाना सांगेल. आणि एकाच दुकानानं सगळा माल मागितला, तर निम्माच दे."

तिनं वही काढलीसुद्धा. दुसरा रकाना कोरा होता.

आई इतका वेळ दुपट्टा मांडीवर घेऊन बसली होती. "काळ्या कापडावर भरून देशील? उशीचा अभ्रा. चारी कोपऱ्यांत तुळस."

"देते की आजी. तुझ्याकडून पैसे कशाला?"

आईनं उशीखालची पुरचुंडी काढली. पाचशेची एक नोट मोजण्यासारखी नसते, तरी दोनदा उलटसुलट करून बघितली आणि पुतणीच्या वहीवर ठेवली. "इसार आहे हा. फुकट करायला घेतलंस तर दिवाळीपर्यंत लोळत पडेल. पैसे घेतलेस की करावंच लागतं."

पुतणीनं वहीत लिहिलं: आजी, अभ्रा, काळा, इसार ५००. पहिल्या रकान्यात. मग विचारलं, "आजी, दुसरा अभ्रा कधी?"

"पहिला उलटून बघितल्यावर," आई म्हणाली.